बासष्ट टक्क्यांवर

“सर, ते माझं नाहीये, अवतरण आहे,” ती म्हणाली. मी विचारलं, “कुणाचं?” तिनं आधी आपल्या मार्गदर्शकाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे, आणि समोरच्याच्या शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे सांगताना आपण जसा आवाज खाली आणतो तसा आणून म्हणाली, “सर, तुमचं.” मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि सगळी खोली हसली. पीएचडीची तोंडी परीक्षा, प्रबंध तिचा, परीक्षक मी, आणि मी तिला भर सभेत शाबासकी दिली होती ती माझ्याच परिच्छेदाबद्दल. तिचा मार्गदर्शक माझा कॉलेजातला वर्गमित्र. पाठीत गज घातल्यासारखा ताठ बसतो म्हणून आम्ही त्याला तेव्हापासून काटकोन म्हणतो. काटकोनानं वेळ मारून नेली. “सर अशीच फिरकी घेतात विद्यार्थ्यांची,” तो म्हणाला, आणि लोक आणखी थोडं हसले. मीही हसलो. हसताना गाल वर जातात एवढं मला कळलं, बाकी काही कळलं नाही. लाज वाटायला हवी होती. मी तिची वाट पाहिली, म्हणजे लाजेची, पण ती काही आली नाही. दुसऱ्या परीक्षकबाईंनी त्यांचा प्रश्न सुरू केला आणि मी मांडीवरच्या वाचायच्या करड्या यंत्राकडे पाहिलं. तो परिच्छेद तिथे तसाच होता, वर तिची वाक्यं, खाली तिची वाक्यं, मध्ये कुठे फट नाही. आता सांगितल्यावरसुद्धा तो मला माझा वाटत नव्हता.

गेली दोनेक वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की माझे डोळे कामातून गेले. विद्यापीठानं कागदी प्रबंध घेणं बंद केलं, सगळं फायलीत यायला लागलं, आणि खात्यानं आम्हाला एकेक टॅबलेट दिला, मोठा, गुळगुळीत, स्वयंपाकघरातल्या ट्रेएवढा. पहिल्या आठवड्यात मला तो आवडला होता. अक्षरं बोटांनी ताणून मोठी करता येत होती, लाल-हिरव्या रंगांनी खुणा करता येत होत्या. मग हळूहळू त्यानं आपले गुण दाखवले. एक प्रकरण वाचून होईपर्यंत भुवयांच्या मागे कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. पापण्यांच्या आत बारीक रेती. ओळी आधी काठाला थरथरायच्या, मग एकीच्या दोन व्हायच्या. मी उजेड कमी केला, पडदा पिवळा करून पाहिला, काळ्यावर पांढरी अक्षरं करून पाहिली. त्यानं तर डोळे मिटल्यावरही ओळी दिसायला लागल्या. खिडकीकडे पाठ केली की काचेत माझंच तोंड, खिडकीकडे तोंड केलं की उजेड थेट डोळ्यांत. कितीतरी दुपारी मी एखाद्या संशोधकाचं ‘सैद्धांतिक चौकट’ नावाचं प्रकरण वाचता वाचता त्यातल्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसलोय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी यंत्रं लावून पाहिली आणि म्हणाल्या, “डोळे ठणठणीत आहेत तुमचे. तुम्ही वाचताना पापण्याच मिटत नाही. मिटत जा.” मी म्हटलं, “त्या आपोआप मिटतात ना?” त्या म्हणाल्या, “काही वाटलं की मिटतात. नुसतं बघत राहिलं की राहतात तशाच.” त्यांनी थेंब लिहून दिले. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “मीठपाणी आहे रे हे. घाल. अपाय तर काही नाही.”

काही वाटलं की. ते वाक्य मी तिथेच, डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत ठेवून आलो, कारण खरी गोष्ट सांगायची तर दुखणं डोळ्यांत सुरू व्हायच्या आधीच काहीतरी बंद पडलं होतं, आणि डोळे दुखायला लागले तेव्हा मला जरा बरंच वाटलं. डोळे हे सांगण्यासारखं कारण आहे. मी वाचत होतो, खुणा करत होतो, ‘संदर्भ अपुरा’, ‘हे आधी येऊन गेलं आहे’, सगळं बरोबर करत होतो, आणि संध्याकाळी कुणी विचारलं की आज काय वाचलंस, तर मला सांगता येत नव्हतं. जेवण गिळावं तसे प्रबंध. चांगला असला तरी आनंद नाही, भिकार असला तरी चीड नाही. पूर्वी मी चिडायचो. चिडून भर वर्गात कागद टेबलावर आपटायचो, मुलं घाबरायची, आणि नंतर कॅन्टीनमध्ये माझी नक्कल करायची, ती मला दारातून ऐकू यायची. ती नक्कल हुबेहूब होती. आता कुणी माझी नक्कल करत नसणार, नक्कल करायला काहीतरी लागतं. मी विभागप्रमुखांना तोंडी सांगून टाकलं की ह्या सत्राअखेर मी थांबतो, डोळ्यांनी दगा दिला. ते हळहळले. मुलगी मात्र फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही त्या चकचकीत पाटीवर वाचता म्हणून होतंय. मी दुसरं यंत्र पाठवते. त्याला उजेडच नसतो, कागदासारखं असतं. त्यावर एक प्रबंध वाचा, आणि तरी दुखलं तर खुशाल सोडा.” मी म्हटलं, बरं. म्हणजे तसं ठरलंच. त्यावर वाचता आलं तर डोळ्यांचा दोष, मी राहतो. नाही आलं तर मग दोष कुणाचा हे न बोलता मी जातो.

ते आलं. तळहातापेक्षा थोडं मोठं, करडं, दिसायला गरीब. खरंच उजेड नव्हता. दिवा लावला तर दिसायचं, दिवा घालवला की तेही आपलं झोपायचं. पान उलटलं की पडदा एकदा काळा व्हायचा आणि नवं पान वर यायचं. पहिल्यांदा मी दचकलो, मग लक्षात आलं की त्या काळ्यासरशी माझ्या पापण्याही मिटतायत. यंत्रच मला पापण्या मिटायला लावत होतं. रेती नाही, अंगठा नाही. अडचण एवढीच की प्रबंधाचं अख्खं पान त्या एवढ्याशा पडद्यावर मुंगीच्या अक्षरांत यायचं. त्यावर मुलीनं उपाय सांगितला. एक बटण आहे, ते दाबलं की यंत्र पानं मोडून टाकतं आणि मजकूर मोठ्या अक्षरांत नव्यानं ओततं, सलग. मी दाबलं. तक्ते चुरगळून गेले, पण तक्ते वाचतो कोण. पानांचे आकडे गेले, त्याजागी खाली कोपऱ्यात टक्के आले. तळटिपांचे बारीक आकडे गळून पडले. समास गेले, आणि समासाबरोबर आत सरकवून, बारीक टायपात लावलेली अवतरणंही सरळ होऊन आजूबाजूच्या मजकुरात मिसळून गेली. हे मी आत्ता सांगतोय. त्यावेळी मला एवढंच दिसलं की ही संशोधक मुलगी छान मोकळं लिहिते. जन्मभर मी विद्यार्थ्यांना ओरडत आलो की अवतरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आंधळ्यालाही कळलं पाहिजे. तिनं ते नीट केलं होतं. मी बटण दाबून ते पुसलं.

तिचा विषय ताटकळणं. बँका, दवाखाने, परवान्यांची कार्यालयं, तिथे बसलेली माणसं. तिचं म्हणणं असं की टोकन देणारी यंत्रं आल्यापासून लोक एकमेकांकडे बघत नाहीत, वर लटकलेल्या आकड्याकडे बघतात. तरुणपणी माझाही विषय तोच होता, म्हणूनच मला परीक्षक नेमलं होतं. पण त्या काळात काय केलं ते मला नुसतं शीर्षकांपुरतं आठवतं. दवाखान्यांच्या बाकांवर बसून टिपणं काढली, त्यातून दोन-तीन लेख झाले, ज्या नियतकालिकात आले ते बंद पडलं. मग बढत्या, समित्या, वेळापत्रकं. बासष्ट टक्क्यांवर, रविवारी सकाळी, बाहेर शेजारी गाडी धूत होता आणि पाण्याचा आवाज येत होता, तेव्हा मी वाचलं: ‘जागा धरणाऱ्याला जागेची गरज नसते. शेजारच्या खुर्चीवर रुमाल पसरून बसलेली एक बाई सकाळपासून विचारणाऱ्या प्रत्येकाला आत्ता येतील एवढंच सांगत होती. दुपारनंतर लोकांनी विचारणं सोडलं, ते भिंतीला टेकून उभे राहिले, पण रुमाल कुणी उचलला नाही. रुमाल आहे तोवर न आलेल्या माणसाला फक्त उशीर झालेला असतो. तो उचलला, की मग तो माणूस आलेला नसतो.’ मी पान उलटलं नाही. पुन्हा वाचलं. मग डोळे भरून आले, मीठपाण्याशिवाय. मला त्या मुलीचा हेवा वाटला. हेवा वाटून किती बरं वाटलं ते कसं सांगू? इतक्या दिवसांनी मला कुणाचा तरी हेवा वाटला होता. डोळेच होते तर. नुसते डोळेच होते.

मी यंत्र घेऊन बायकोकडे गेलो. ती इस्त्री करत होती. म्हटलं, “थांब, हे ऐक,” आणि वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला माझा आवाज बसला. तिनं इस्त्री उचलून धरली होती, ती तशीच धरून राहिली. “कुणी लिहिलंय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “एक संशोधक मुलगी आहे. तिशीची असेल. काय लिहिते बघ.” “तिनं लिहिलंय?” “मग कुणी?” ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं, ह्यावेळी जरा सावकाश, वर्गात वाचायचो तसं. “छान आहे,” ती म्हणाली, आणि इस्त्री खाली ठेवून बाहीची घडी पुन्हा मोडून नीट केली. त्या दुपारी मी दोनदा भात घेतला. मुलीला फोन करून म्हटलं, तुझं यंत्र जिंकलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन सांगितलं की माझं जाणं रद्द करा. ते म्हणाले, “डोळे?” मी म्हटलं, “सुधारले.” त्यांनी हात मिळवला. आणि मग ही परीक्षा, हे सभागृह, आणि मी उत्साहानं म्हणतोय, “बासष्ट टक्क्यांवर तुम्ही जे लिहिलंय,” आणि सगळे आपापल्या फायलींत बासष्ट टक्के कुठे लागतात ते शोधतायत, आणि मी वाचून दाखवतोय, आणि वाचताना मला दिसतंय की त्या संशोधक मुलीच्या चेहऱ्यावर आनंद नाहीये, ती ओठ दाबून माझं संपायची वाट बघतेय.

बाकी सगळं रीतसर झालं. तिला पदवी द्यावी अशी आम्ही दोघांनी शिफारस केली, टाळ्या झाल्या, काटकोनानं माझ्या खांद्यावर हात ठेवून “काय रे, म्हातारा झालास का?” असं फक्त मला ऐकू येईल इतकं हळू विचारलं आणि उत्तर न घेता पाहुण्यांकडे गेला. जिन्याजवळ ती मला गाठायला आली. नवी साडी, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ, तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. “सर, तुम्ही रागावला नाहीत ना? मला सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. पण गप्प बसले असते तर ते माझ्या नावावर जमा झालं असतं.” मी म्हटलं, “छे छे, बरोबर केलंत. मीच तर शिकवतो ते.” ती हसली. मग म्हणाली, “तो लेख मी पहिल्या वर्षी वाचला होता, सर. जुन्या अंकांच्या कपाटात सापडला. त्या परिच्छेदामुळेच मी हा विषय घेतला. पण मला एक विचारायचं होतं.” ती गुच्छातलं एक पान सरळ करत होती. “माझं स्वतःचं काही आवडलं का तुम्हाला?” मी तोंड उघडलं. तिनं चार-पाच वर्षं कार्यालयांतून बसून काढली होती, मी शंभर टक्क्यांपर्यंत वाचलं होतं, डोळे अजिबात दुखले नव्हते, आणि माझ्याकडे तिचं एक वाक्य नव्हतं. एकही नाही. मी शोधलं, खरंच शोधलं, घरात चष्मा शोधतो तसं सगळीकडे हात फिरवून. “चौथं प्रकरण,” मी म्हटलं. “चौथं फार पक्कं झालंय.” ती म्हणाली, “चौथ्यात नुसते तक्ते आहेत, सर.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या यंत्रात चुरगळून पडलेले तेच तक्ते. “हो, तेच,” मी म्हटलं, “तक्तेच म्हणतोय.” ती “थँक्यू सर” म्हणाली, आणि आजारी माणसाला भेटून निघताना आपण जशी मान हलवतो तशी हलवून गेली. मला तिचं फार वाईट वाटलं. तेवढं मात्र वाटलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी यंत्र काढलं आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला, आता माझा म्हणून. काही झालं नाही. कोरडी ठाक वाक्यं, आणि ‘आत्ता येतील’नंतर स्वल्पविराम द्यायला हवा होता असं वाटून गेलं. म्हणजे परक्याचं असेपर्यंतच ते मला आवडत होतं. की असं असेल की ज्यानं ते लिहिलं तो खरंच परका आहे, आणि मला त्याचा हेवा वाटला तो खरा होता? तो कुठे बसला होता, कुठल्या दवाखान्यात, ती बाई कशी दिसत होती, मी आठवायचा प्रयत्न केला. बाक आठवले, हिरव्या रंगाची अर्धी भिंत आठवली, पण सगळ्याच दवाखान्यांत भिंत अर्धी हिरवी असते. बाईच्या जागी नुसता शब्द होता, बाई. शेजारी एक पोरगा फोनवर काहीतरी बघत होता आणि पापण्या मिटत नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि माझा थांबा मागे राहिला.

घरी आलो तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. मी बूट काढले, पाणी प्यायलो, समोरच्या खुर्चीवर बसलो. “कशी झाली परीक्षा?” “झाली. पास झाली मुलगी.” मग सांगितलं. सगळं सांगितलं, टक्के, हशा, काटकोनाची मखलाशी, तक्ते. ती सोलत होती. दाणे ताटात पडायचे, साली वर्तमानपत्रावर. तिनं एकदाही “अरे देवा” म्हटलं नाही, कपाळाला हात लावला नाही, आणि माझं सांगून संपायच्या आतच माझ्या लक्षात आलं की तिला नवल वाटत नाहीये.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“त्या रविवारी? वाचून दाखवलं तेव्हाच?”

“पहिल्या ओळीला.”

“मग बोलली का नाहीस? मी तिथे जाऊन तोंडावर पडलो ना.”

तिनं हातातली शेंग पुरी केली. “बोलणार होते. म्हणून तर पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, दुसऱ्यांदा वाचताना तरी तुझ्या लक्षात येईल. पण तू इतका खूश होतास. किती वर्षांनी तुला काहीतरी आवडलं होतं, आणि ते मी तुझ्या हातातून काढून घेऊ? मला नाही जमलं. तू तिकडे जाऊन भर सभेत वाचशील हे काय मला ठाऊक.”

मग मी विचारलं, कारण खरंच जाणून घ्यायचं होतं, “पण तुला कसं ओळखू आलं? तू तर माझे लेख कधी वाचले नाहीस.”

“तेवढा एक वाचला होता.”

“का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक औषधाचं नाव विसरून नुसतं उभं असतं, त्याच्याकडे ती बघत असेल तसं.

“ती बाई मी होते,” ती म्हणाली. “माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं. आपलं लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. दादा रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचणार होता, त्याच्यासाठी धरली होती मी जागा. आला नाही तो, बाबांशी भांडण होतं ना त्याचं. तू समोरच्या बाकावर होतास. मी तुला दोनदा हाक मारली, म्हटलं, अरे, तूच ये, बस इथे, मला भीती वाटतेय. तर तू हातानंच थांब म्हणालास. लिहीत होतास.” ती थांबली, आणि मला वाटलं आता ती रडेल किंवा मी रडेन, पण तिनं ताटातले दाणे हातानं सारखे केले. “पण लिहिलं छान होतंस. खोटं कशाला सांगू.”

मला आठवेना. मी डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. बाबांचं ऑपरेशन आठवलं, दादाचं भांडण आठवलं. तिची हाक आठवली नाही. डोळे दुखत नव्हते, मध्ये टॅबलेट नव्हता, कागद नव्हता, ती माझ्यासमोर हातभर अंतरावर होती आणि मला ती अगदी स्पष्ट दिसत होती. मी उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. “आता काय?” ती म्हणाली. मी म्हटलं, “काही नाही.” तिनं थोड्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी सोलायला लागलो, आणि काही वाटतंय का, याची वाट बघत राहिलो.